किलोमीटर अठ्ठ्याऐंशी

माझ्या जन्मदाखल्यावर गावाचं नाव नाही.
तिथं लिहिलंय: पामीर रस्ता, किलोमीटर अठ्ठ्याऐंशी.
कारकून म्हणाला होता म्हणे, हे काय ठिकाण झालं?
आई म्हणाली, ठिकाण नाही, वळण आहे.
लिहा.

पुढं बर्फाचा कडा कोसळलेला, मागं दरड,
मधे आमची जुनी रशियन जीप.
ड्रायव्हर कुर्बोनशो पाठ फिरवून उभा राहिला
दोन तास,
हातात जॅकची दांडी,
जणू अंधारातून कुणी येणारच होतं.
ओफ्तोबमो आत्यानं नाळ कापली
जर्दाळू चिरायच्या सुरीनं,
लायटरवर तापवून.
खाली प्यांज नदी. नदीपलीकडे दुसरा देश.
तिथं कुणीतरी कंदील हलवला.
काय झालं विचारत होतं,
की तेही अडकलं होतं,
आईला आजवर कळलेलं नाही.

अशी आम्ही बरीच आहोत.
एकशे चारवरचा मुबोरककदम.
पुलावरच्या जुळ्या, एक अलीकडची, एक पलीकडची,
दोन जिल्ह्यांच्या दोन सख्ख्या बहिणी.
आणि बासष्टवर सावसन,
जी जन्मली, पण पोहोचली नाही.
तिथून जाताना ड्रायव्हर अजून हॉर्न वाजवत नाहीत.

आता मी त्याच रस्त्यावर कामाला आहे.
डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात मोजणीची लाल-पांढरी पट्टी.
इंजिनिअर लिऊ दुर्बिणीतून बघतो,
अंगठ्यानं खुणावतो,
मी पाऊलभर सरकते.
त्याला आमची भाषा येत नाही, मला त्याची.
मधे मोडकी रशियन:
अजून. थांब. बस.
एवढ्या तीन शब्दांवर एकवीस किलोमीटर झाले.

आठवड्यातून तीनदा सुरुंग.
शिट्टी होते, सगळे आडोशाला.
पलीकडच्या कड्यावर
काटक्या नि दगडांनी टाचलेल्या वाटेवर
एक म्हातारा गाढवाचे कान झाकतो,
स्वतःचे नाही.
धुरळा बसला की हात वर करतो.
मी पट्टी हलवते.
त्या दिवशीच्या मोजमापात
तेवढी चूक धरून चाला.

परवा लिऊनं बॉनेटवर नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर चहाचे चार पेले.
वळण जाणार. डोंगर कापून सरळ.
चारशे दहा मीटर वाचतात.
म्हणजे पुढचे सगळे दगड पुढं सरकणार,
अठ्ठ्याऐंशी जाणार करोमतच्या डिझेलच्या पिंपांजवळ,
आणि जुनं वळण?
त्यानं पेन्सिलीनं तिथं रेघोट्या मारल्या.
राडारोडा टाकायची जागा.

घरी येऊन आईला सांगितलं,
दवाखाना सात तासांवरून दोन तासांवर येतोय.
ती कणीक मळत होती, हात थांबले नाहीत.
दोन तासांत तर, म्हणाली, धड कळासुद्धा येत नाहीत.
मग पोरं पलंगावर होतील.
पलंगावर.
दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा
जिभेवर ठेवून चव बघावी तशी.
मग, जरा वेळानं,
त्या दगडाचं काय करणार गं?

कुर्बोनशो आला, एका डोळ्यात मोतीबिंदू, खांद्यावर पहार.
आम्हाला वाटलं होतं दगड वीतभर असेल,
दिसायचा तेवढाच.
निघाला कमरेएवढा.
अंधार पडेस्तोवर खणत होतो,
शेवटी लिऊनं न विचारता
डंपरचे दिवे आमच्याकडे वळवले.

आता तो आमच्या दाराशी आहे, आकडा नदीकडे.
आई त्यावर ओल्या चपला वाळवते.
पलीकडून बघणाऱ्याला वाटत असेल
इथून कुठंतरी अठ्ठ्याऐंशी किलोमीटर आहे.
कुठं, ते विचारायला
मधे पूल नाही.